चावडीवरचा दगड परत लावा : आमच्या ग्रामपंचायतीला खुलं पत्र

प्रति,
सरपंच, उपसरपंच, सर्व सदस्य आणि ग्रामसेवक भाऊसाहेब,
तसंच समस्त ग्रामस्थ मंडळी

विषय : जुन्या चावडीच्या भिंतीतला महायुद्धाचा शिलालेख आणि गावातल्या सैनिकांची नावं

सप्रेम नमस्कार.

जुनी चावडी पाडून तिथं ग्रामपंचायतीची नवी इमारत उभी राहिली, याबद्दल तुमचं अभिनंदन. पावसाळ्यात गळणाऱ्या त्या खोल्यांत दप्तर सांभाळणं कठीण झालं होतं, हे मला माहीत आहे. तक्रार इमारतीबद्दल नाही. चावडीच्या दर्शनी भिंतीत, दरवाज्याच्या उजव्या हाताला जो कोरलेला दगड होता, तो नव्या इमारतीत कुठंच नाही. पाडकामात जेसीबीनं तो भिंतीसकट काढला. आता तो इमारतीच्या मागं, वाळूच्या ढिगाला टेकून पडला आहे आणि त्याचा एक कोपरा उडाला आहे.

मासिक सभेत हा विषय निघाला तेव्हा "इंग्रजांच्या काळातली पाटी आहे, तिचं आता काय काम" एवढंच उत्तर मिळालं आणि सभा पुढच्या विषयाकडं वळली. मी लेखी अर्ज दिला. पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे. मी या गावची लेक आहे. सासरी गेलेल्या लेकीनं माहेरच्या कारभारात बोलू नये, असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी हे पत्र माझं न समजता माझ्या आबांचं, म्हणजे आजोबांचं, समजावं. त्यांना बोलायचा हक्क नक्कीच होता, तो त्यांनी कधी वापरला नाही.

त्या दगडावर इंग्रजीत मोजक्या ओळी आहेत. या गावातून इतकी माणसं १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. बस्स. नाव एकाचंही नाही. असे दगड महाराष्ट्रात अनेक गावांच्या चावड्यांवर, वेशींवर, शाळांच्या भिंतींत आहेत. इंग्रज सरकारनं ते बसवले हे खरं. पण त्यांवरचा आकडा इंग्रजांचा नाही. तो आपल्या घरांतून उठून गेलेल्या माणसांचा आकडा आहे. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावातली ४६ माणसं त्या युद्धात गेली. त्या गावानं ती आठवण इतकी जपली की गावाचं नावच 'अपशिंगे मिलिटरी' पडलं. त्यांच्या आणि आपल्या गावात फरक एवढाच, की त्यांनी आठवण ठेवली.

आपल्या गावची माणसं कुठं गेली होती? जुनी माणसं "बसऱ्याला गेला" म्हणायची, कुणी परत आला नाही तर "बसऱ्याला राहिला" म्हणायची. बसरा म्हणजे आजच्या इराकमधलं बंदर, त्या वेळचं मेसोपोटेमिया. तिथल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३ वी आणि ११० वी या मराठा पलटणी अडकल्या होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी अन्न संपल्यावर शरणागती पत्करावी लागली. अखेरच्या दिवसांत घोडी-खेचरं मारून खायची वेळ आली आणि आपल्या अनेक शिपायांनी उपाशी राहूनही ते मांस बराच काळ तोंडात घातलं नाही. शरण गेलेल्यांना वाळवंटातून चालवत कैदेत नेलं, त्या वाटेवर आणि कैदेत हजारो मेले. या सगळ्यांची आठवण म्हणून बसऱ्याला मोठं स्मारक झालं. पण त्यावर इंग्रज शिपायांची नावं कोरली आणि भारतीय शिपायांच्या पलटणीच्या नावाखाली फक्त संख्या लिहिली. या भेदभावाबद्दल राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगानं (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन) अखेर एप्रिल २०२१ मध्ये जाहीर माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना, त्यांना चूक कळली. आणि त्यानंतर आपण मात्र उरलेला आकडासुद्धा वाळूत टाकून दिला.

आता आबांबद्दल सांगते, कारण माझा जीव इथं का अडकला आहे ते तुम्हाला कळायला हवं.

आबा १९४२ साली भरती झाले. घरात भाऊ चार, जमीन डोंगरउताराची, पाऊस हुकला की पेरणी वाया. बेळगावच्या मराठा सेंटरमध्ये रंगरूट म्हणून ट्रेनिंग झालं. तिथं त्यांनी रोमन उर्दू शिकली, कारण फौजेचा कारभार त्या भाषेत चालायचा. गावच्या शाळेत चौथीच्या पुढं न गेलेला मुलगा इंग्रजी अक्षरांत उर्दू वाचायला लागला, याचं त्यांना म्हातारपणीही अप्रूप होतं. पुढं ते मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे १७६८ साली उभ्या राहिलेल्या जंगी पलटणीत, इटलीला गेले. ही पलटण आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती. चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन भारतीय डिव्हिजन इटलीत लढल्या.

आबा लढाईच्या गोष्टी रंगवून सांगत नसत. विचारलं तर थंडीबद्दल बोलत, आणि चिखलाबद्दल. तिथला चिखल आपल्या भाताच्या खाचरासारखा, फक्त बर्फाइतका गार, असं ते म्हणत. डोंगरावर गाड्या चढत नसत, म्हणून दारूगोळा, पाणी आणि रसद खेचरांच्या पाठीवरून जायची आणि जखमी माणूस खांद्यावरून किंवा स्ट्रेचरवरून खाली यायचा. स्ट्रेचर उचलणाऱ्यांचं नाव ते लढणाऱ्यांच्या आधी घेत. एका दिवसाबद्दल मात्र ते नेमकं सांगत. तो दिवस ९ एप्रिल १९४५ चा, सेनिओ नदीचा.

सेनिओ ही तशी लहान नदी. पण पुराचं पाणी अडवायला तिच्या दोन्ही काठांना उंच मातीचे बांध घातलेले होते आणि जर्मनांनी त्या बांधांत आतून खोदून मशिनगनची ठाणी केली होती. समोर सुरुंग पेरलेले. दुपारभर विमानांनी आणि तोफांनी भडिमार केला आणि मग पायदळ पाण्यात उतरलं. याच पलटणीतल्या नामदेव जाधव या शिपायाला त्या दिवशीच्या कामगिरीसाठी व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं. ते कंपनीचे रनर, म्हणजे निरोप्या होते. त्यांच्याबरोबरची तुकडी जवळजवळ सगळी पडली. त्यांनी एका जखमी साथीदाराला खोल पाण्यातून, चढ्या काठावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून उचलून सुरक्षित जागी आणलं, आणि परत जाऊन दुसऱ्यालाही आणलं. मग एकट्यानं मशिनगनच्या ठाण्यावर चाल केली. हाताला गोळी लागल्यामुळं टॉमीगन चालवता येईना, तेव्हा हातबॉम्ब फेकून आणखी दोन ठाणी गप्प केली आणि बांधाच्या माथ्यावर उभं राहून मराठा पलटणीची आरोळी देत मागच्यांना पुढं बोलावलं. आबा त्या मागच्यांतले होते. त्यांनी फक्त आरोळी ऐकली. "ती ऐकून पाय हलले," एवढंच ते म्हणत, आणि पुढं त्यांच्या सेक्शनमधले, म्हणजे छोट्या तुकडीतले, कोण कोण तिथंच राहिले त्यांची नावं घेत. ती नावं मी लहानपणी पाठ करायला हवी होती असं वाटतं, पण तेव्हा ती मला गोष्टीतलीच वाटली.

जाधव अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातले. ते परत आले आणि १९८४ पर्यंत जगले. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे, फौजेत नाईक हुद्द्यावर असलेले यशवंत घाडगे परत आले नाहीत. ते तिसऱ्या बटालियनमध्ये होते. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले सगळे पडले, तेव्हा ते एकटे मशिनगनच्या ठाण्यावर धावून गेले, ते ठाणं घेतलं आणि तिथंच शत्रूच्या गोळ्यांनी मारले गेले. वय २२. त्यांचं शव कधी ओळखता आलं नाही. त्यांचं नाव इटलीतल्या कॅसिनो स्मारकावर आहे आणि माणगावला त्यांचा पुतळा आहे. आणि २०२३ साली इटलीतल्या मोंतोने या डोंगरावरच्या लहान गावानं त्यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. विचार करा. कोकणातल्या एका मुलाची आठवण इटलीतलं एक लहान गाव ऐंशी वर्षांनी कोरून ठेवतं. त्या गावात त्याचं ना नातं, ना भाषा, ना कुणी वारस.

आबा १९४६ ला घरी आले. युद्ध संपल्यावर लाखो शिपायांना घरी पाठवलं, नोकरीची वर्षं पुरी नसल्यामुळं त्यांच्यातल्या बहुतेकांना पेन्शन नव्हतं. आबांनाही नव्हतं. ते मुंबईला गिरणीत लागले आणि तिथूनच घर चालवलं. अगदी उतारवयात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत राज्य सरकारचं मासिक अनुदान सुरू झालं. ते आलं त्या दिवशी त्यांनी इटली स्टार या मेडलची ती लाल-पांढरी-हिरवी फीत पेटीतून काढून पाहिली आणि परत ठेवली. १५ ऑगस्टला शाळेच्या मैदानावर ते नेहमी मागं उभे राहत. पुढच्या खुर्च्यांवर स्वातंत्र्यसैनिक बसत आणि ते योग्यच होतं, असं आबांचंही मत होतं. "ते देशासाठी गेले, आम्ही पोटासाठी गेलो," असं ते सरळ सांगत.

हे मी लपवत नाही, कारण तुमच्या सभेतल्या उत्तरामागं हाच मुद्दा आहे. हे इंग्रजांचे शिपाई होते, मग स्वतंत्र भारतातल्या ग्रामपंचायतीनं त्यांचा दगड का लावायचा? प्रश्न चुकीचा नाही. त्याला मनापासून उत्तर द्यायला हवं.

पहिलं म्हणजे, पोटासाठी जाणं हा गुन्हा नव्हता. दुष्काळ, शेतसारा आणि वाटण्यांनी तुकडे पडलेली जमीन, या सगळ्यांतून सुटायचे आपल्या भागात दोनच रस्ते होते : मुंबईची गिरणी किंवा पलटण. गिरणीत गेलेल्याला आपण इंग्रज मालकाचा नोकर म्हणून हिणवत नाही.

दुसरं, सातारा जिल्ह्यात हे दोन इतिहास एकाच घरात नांदले. १९४३ पासून इथं क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं होतं, आणि त्याच काळात याच गावांतून पलटणीत भरती होत होती. माझी आजी तेव्हा नवी सून होती. आबांची मनीऑर्डर आली की जोंधळे यायचे, आणि त्याच जोंधळ्यांच्या भाकऱ्या रात्री पदराखाली झाकून भूमिगतांना पोचवल्या जायच्या. आबांचा चुलतभाऊ त्या भूमिगतांत होता. त्यानं कधी फौजेतल्या भावाला देशद्रोही म्हटलं नाही, आणि आबांनी कधी त्याच्याविरुद्ध शब्द काढला नाही. ज्यांनी दोन्ही बाजू जगल्या त्यांच्यात भांडण नव्हतं. ते भांडण आपण आता कशाला उकरून काढतो?

तिसरा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. यशवंत घाडगे ज्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते, तीच मराठा पलटण १९४८ साली काश्मीरमध्ये झांगरच्या लढाईत पाकिस्तानविरुद्ध लढली. पलटण तीच, रायफली त्याच, इटलीची थंडी सोसलेल्या अंमलदारांपैकी कितीतरी तेच. १९४४ मध्ये ते 'इंग्रजांचे' आणि १९४८ मध्ये 'आपले', अशी विभागणी कागदावर होईल, पण ज्या माणसानं दोन्ही वर्षं पाहिली त्याचे दोन तुकडे कसे करणार? आजच्या भारतीय सैन्याचा पाया ज्या हवालदार-सुभेदारांनी घातला, ते दुसऱ्या महायुद्धातच तयार झाले होते. १९४५ पर्यंत २५ लाखांच्या वर भारतीय त्या फौजेत होते आणि ८७ हजारांहून अधिक त्यात गेले. त्यांना गावच्या आठवणीतून वगळून आपण स्वातंत्र्याचा सन्मान करतो, असं मला वाटत नाही.

आणि मी तुमच्याकडं इंग्रज साम्राज्याचा गौरव मागत नाही. कुणाला वीर ठरवा असंही म्हणत नाही. गावातून कोण गेलं, कुठं गेलं, परत आलं की नाही, एवढी खरी नोंद मागते आहे.

आता माझ्या तक्रारी. त्या स्पष्टपणे मांडते, कुणा एका माणसावर रोख नाही.

पाडकाम ठरलं तेव्हा ग्रामसभेत नकाशा दाखवला, खर्चाचा आकडा सांगितला, पण दगडाचा उल्लेखही झाला नाही. काढण्याआधी त्याचा फोटो घेतला नाही, पंचनामा नाही, दप्तरात नोंद नाही. घरातला जुना पाटा काढतानासुद्धा आपण कुठं ठेवायचा ते आधी ठरवतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये 'मेरी माटी मेरा देश' अभियानात आपल्या गावातही शिलाफलक बसला. त्यावर वीरांची नावं लिहायची होती. दोन्ही महायुद्धांत मेलेल्यांपैकी एकाचंही नाव त्यावर नाही, आणि नावं शोधायचा प्रयत्न झाल्याचंही कुठं दिसत नाही. तेव्हा विचारलं असतं तर आमच्यासारख्या निदान चार-पाच घरांनी कागद आणून दिले असते.

अर्जाला उत्तर न देणं, हे तर साध्या शिष्टाचाराला धरून नाही. नकार द्यायचा असेल तर तोही लेखी द्या, म्हणजे पुढं कुठं दाद मागायची ते ठरवता येईल.

आणखी एक गोष्ट सांगताना मन जड होतं. महायुद्धातल्या एका सैनिकाची पत्नी अजून आपल्या गावात आहे. त्यांना नवऱ्याच्या पलटणीचं नाव, तो कुठल्या बोटीनं गेला, कधी पत्र आलं, सगळं आठवतं. दरवर्षी त्यांच्या हयातीच्या दाखल्यावर पंचायतीचा शिक्का पडतो. त्या शिक्क्यापलीकडं त्यांच्याशी कुणी बोलत नाही. त्या गेल्या की गावचं केवढं ज्ञान त्यांच्याबरोबर जाईल, हे कुणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

मागण्या अशा आहेत.

एक. तो दगड नव्या इमारतीच्या दर्शनी भिंतीत, लोकांना वाचता येईल अशा उंचीवर बसवावा. कोपरा उडाला आहे तसाच राहू द्या. घासून गुळगुळीत करू नका, त्यावर रंग मारू नका आणि त्याच्या जागी नवा ग्रॅनाइट लावून जुना टाकून देऊ नका.

दोन. त्याच्या शेजारी मराठीत नवा फलक लावावा आणि त्यावर दोन्ही महायुद्धांपासून आजवर गावातून फौजेत गेलेल्या सगळ्यांची नावं असावीत. 'सगळ्यांची' हा शब्द मी जाणूनबुजून लिहिते आहे. मराठा पलटणीतले तर हवेतच. पण १९४१ साली बेळगावला उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटमध्ये आपल्या गावच्या वस्तीवरून गेलेलेही हवेत, खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर पलटणीत, गेलेलेही हवेत, आणि हातात रायफल नसलेले भिस्ती, खेचरवाले, स्वयंपाकी, स्ट्रेचर उचलणारेही हवेत. मेलेल्यांबरोबर जे परत आले त्यांचीही नावं हवीत. फलकावर उद्घाटकांची नावं मोठ्या अक्षरांत आणि शिपायांची बारीक, असं होऊ देऊ नका. खरं तर उद्घाटकांची नावं नसलीच तर उत्तम.

तीन. नावं शोधायला ग्रामसभेनं एक लहान समिती नेमावी. काम अवघड आहे, अशक्य नाही. मेलेल्यांची नावं राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाच्या यादीत इंटरनेटवर शोधता येतात आणि कित्येकांच्या नावापुढं वडिलांचं नाव, गाव आणि तालुकाही दिलेला असतो. स्पेलिंग वेडंवाकडं असतं, गावाचं नाव चार तऱ्हांनी लिहिलेलं असतं, म्हणून शोधणारा माणूस गावचाच हवा. आपल्या आडनावांचे आणि वाड्यांचे उच्चार बाहेरच्याला ओळखू येणार नाहीत. खरी अडचण परत आलेल्यांची आहे. ते मेले नाहीत म्हणून त्या यादीत नाहीत, आणि पेन्शन नव्हतं म्हणून बँकेच्या कागदांतही नाहीत. त्यांच्यासाठी बेळगावच्या मराठा रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर पत्र जायला हवं, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडं अनुदानाच्या जुन्या याद्या मागायला हव्यात, आणि घरोघर पेट्या उघडायला हव्यात. डिस्चार्ज बुक, मेडल, बिल्ला, गणवेशातला फोटो, मनीऑर्डरचं कुपन, काहीही चालेल. एकट्या नातीनं लिहिलेल्या पत्राला कुणी दाद देत नाही, पंचायतीच्या पत्राला देतात. म्हणून हे काम मी घरी बसून न करता तुमच्याकडं मागते आहे.

समितीत बायका घ्या. पलटणीच्या आठवणी पुरुषांपेक्षा घरातल्या बायकांनी जास्त सांभाळल्या आहेत. नवरा फौजेत असताना शेत कुणी कसलं, पत्र कुणाकडून वाचून घेतलं, मेल्याची तार कुणाच्या हातात पडली, हे त्यांनाच माहीत असतं. सुरुवात वर सांगितलेल्या आजींपासून करा आणि ती याच महिन्यात करा.

चार. जमलेल्या कागदांच्या झेरॉक्स आणि फोटोंची एक फाइल ग्रामपंचायतीत आणि एक शाळेत ठेवावी. मूळ कागद त्या त्या घरीच राहू द्या. ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वज दिन असतो. त्या दिवशी शाळेत निधीची तिकिटं वाटली जातात, तेव्हा मुलांनी ही नावं मोठ्यानं वाचावीत. भाषण नको.

खर्चाचा प्रश्न निघेल. नव्या फलकाचा खर्च आम्ही सैनिकांच्या वारसांनी वर्गणीतून करायची तयारी आहे. पंचायतीनं ठराव, जागा आणि पत्रव्यवहार एवढं करावं.

जिल्हा परिषदेलाही एक विनंती या पत्रातून करते. जिल्ह्यात अनेक जुन्या चावड्या, शाळा आणि वेशी पाडून नवी बांधकामं होत आहेत. पाडकामाची परवानगी देताना अशा शिलालेखांची नोंद, फोटो आणि ते परत कुठं लावणार याची माहिती सक्तीची करावी. एक ओळ परिपत्रकात घातली तर पुढच्या गावात असं पत्र लिहायची वेळ कुणावर येणार नाही.

येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, अशी माझी लेखी मागणी आहे. मी त्या दिवशी आबांचं डिस्चार्ज बुक आणि मेडल घेऊन हजर असेन. ज्यांच्या घरी असं काही असेल त्यांनीही आणावं. नाव विसरलं असेल, पलटण आठवत नसेल, तरी या, आपण बसून जुळवू. मतभेद असतील त्यांनीही यावं आणि तोंडावर बोलावं. दगड लावायचा की नाही, हे गावानं हात वर करून ठरवू द्या.

ग्रामसभेची वाट न पाहता करण्यासारखं एक काम मात्र आहे. तो दगड वाळूशेजारून उचलून आत, छपराखाली ठेवा. त्यासाठी ठराव लागत नाही. दोन माणसं पुरेत.

कळावे,

आपली नम्र,
गावची लेक आणि जंगी पलटणीतल्या एका नाईकाची नात